शब्दचर्चा: ‘ह्लाफोर्ड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ‘बॅटल ऑफ माल्डन’ ही जुन्या इंग्रजीतली युद्धकविता मराठीत आणते आहे. ९९१ साली एसेक्सच्या किनाऱ्यावर व्हायकिंगांशी झालेल्या लढाईत सरदार बिर्टनॉथ पडला, तरी त्याची माणसं झुंजत राहिली. ती त्याला ‘ह्लाफोर्ड’ म्हणतात; यातूनच पुढे ‘लॉर्ड’ आला. ‘राजा’ चालणार नाही, राजा एथेलरेड आहे आणि तो रणात नाहीच. ‘स्वामी’ लिहिलं तर देवळातलं वाटतं. मग काय लिहावं?

उत्तर: ‘पोशिंदा’ लिहा. ‘ह्लाफ’ म्हणजे पाव, ‘वेआर्ड’ म्हणजे राखणारा. भाकरीचा राखणदार तो ह्लाफोर्ड. केंटच्या एथेलबर्ट राजाच्या कायद्यात आश्रिताला ‘ह्लाफॅटा’, म्हणजे भाकरी खाणारा, असाच शब्द आहे. त्या काव्यातलं राजेपणच देण्यावर उभं आहे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतल्या महाकाव्यात राजाला ‘कडी वाटणारा’ म्हणतात, ती सोन्याची कडी. मालकानं दालनात मधाची दारू पाजायची, शस्त्रं-घोडे द्यायचे, आणि वेळ आली की माणसांनी खाल्ल्या मिठाला जागायचं.

दुसरं उत्तर: व्युत्पत्ती पटली, शब्द नाही पटला. ‘पोशिंदा’ म्हटलं की आज शेतकरी डोळ्यांपुढे येतो. शिवाय दहाव्या शतकात ‘ह्लाफोर्ड’ रोजच्या वापरातला शब्द होता, तो उच्चारताना कुणाला भाकरी आठवत असेल असं मला वाटत नाही. ‘धनी’ घ्या आणि गॉड्रिकच्या प्रसंगात लावून बघा. बिर्टनॉथनं या गॉड्रिकला कितीदा तरी घोडे दिलेले. धनी पडताच हा पठ्ठ्या धन्याच्याच घोड्यावर चढून रानाकडे पळतो. घोडा ओळखीचा, त्यामुळे पुष्कळांना वाटतं, धनीच निघाले! आणि फळी फुटते. इथे ‘पोशिंदाच निघाले’ म्हणून बघा, जीभ अडखळते.

म्हातारा बिर्टवोल्ड शेवटी बोलतो तिथेही हाच शब्द बसतो: ‘बळ ओसरेल तसा निश्चय कठीण व्हावा, काळीज अधिक धीट व्हावं. मी इथून हलणार नाही. माझ्या धन्याच्या शेजारी, इतक्या लाडक्या माणसाशेजारी, पडून राहीन.’ यातलं ‘लाडक्या’ गाळू नका. निव्वळ मालक-चाकरांचं नातं असतं तर तो शब्द आलाच नसता.

प्रश्नकर्ती: धनी म्हणजे नवराही होतो, पण या रणात तो घोटाळा कुणाचा होणार नाही. ‘धनी’ पक्कं. मग बिर्टनॉथच्या माणसांतल्या ऑफाच्या मरणाच्या ओळींत बिर्टनॉथसाठी ‘बेआह्गिफा’, म्हणजे कडी देणारा, येतो, तिथेही ‘धनी’च ठेवू का? दोघंही घोड्यावरून घरी परतू, नाहीतर दोघंही रणात पडू, असा विडा ऑफानं त्याच्यापुढे उचललेला असतो.

दुसरं उत्तर: नको. तिथे कवीनं मुद्दाम देण्याची आठवण काढली आहे. ‘कडी देणाऱ्यापुढे विडा उचलला’ असंच येऊ द्या, तळटीप द्यावी लागली तरी चालेल.