शब्दचर्चा : ‘ट्रॉयची हेलन’, ‘हजार जहाजं’ आणि ‘पळवली’

प्रश्न : होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यातल्या हेलनवर मराठीत लिहिताना तीन जागी अडायला होतं. ‘ट्रॉयची हेलन’ म्हणणं बरोबर का? ‘जिच्या चेहऱ्यापायी हजार जहाजं निघाली’ हे होमरचं आहे का? आणि ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने तिला ‘पळवली’ म्हणायचं की ती ‘पळून गेली’?

उत्तर : पहिल्याचं सोपं आहे. होमर तिला ‘आर्गेइए हेलेने’ म्हणतो, म्हणजे ग्रीकांकडची. माहेर स्पार्टा, आणि सासरही स्पार्टाच. नवरा मेनेलाउस तिथे घरजावई होऊन राजा झाला. मराठीत गावाला ‘ची’ लावली की ते मूळ गाव वाटतं. शीर्षकात रुळलेलं रूप ठेवा (नुसतं ‘हेलन’ लिहिलंत तर निम्म्या वाचकांना हिंदी सिनेमा आठवेल), आत मात्र ‘स्पार्टाची हेलन’ लिहा. ‘हेलेनिस्टिक’ (अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक काळाचं विशेषण) या शब्दाचा तिच्याशी काही संबंध नाही, तो ग्रीकांच्या ‘हेल्लेनेस’ या नावावरून आला.

उत्तर : जहाजांचं वाक्य इंग्रज नाटककार मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’ नाटकातलं. आकडा मात्र जुना आहे. ग्रीक नाटककार एस्खिलसच्या ‘अगामेम्नॉन’ नाटकात (इ.स.पू. 458) ‘हजार नौकांचं आरमार’ येतं. होमर दुसऱ्या सर्गात ग्रीक सरदारांची जहाजं तुकडीवार मोजतो : सेनापती अगामेम्नॉनची 100, नेस्टरची 90, मेनेलाउसची 60, अकिलीसची 50, ओडिसियसची अवघी 12. अशा 29 तुकड्यांची बेरीज 1,186 भरते. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस ती 1,200 धरतो.

‘जहाज’ शब्द मला इथे खटकतो. फिलोक्टेटीस या सरदाराच्या नौकांत प्रत्येकी 50 वल्हेकरी होते, बिओशिया प्रांतातल्या ग्रीकांच्या नौकांत प्रत्येकी 120 माणसं. ही वल्ह्यांची हलकी नाव, किनाऱ्यावर ओढून ठेवायची आणि निघताना पाण्यात लोटायची. आंग्र्यांच्या आरमारातली वल्ह्यांची ‘गलबतं’ याला जवळची. ‘हजार गलबतं पाण्यात लोटली’ म्हटलं की चित्र नीट उभं राहतं.

प्रश्न : आणि ‘पळवली’?

उत्तर : इथे क्रियापदच निकाल देऊन मोकळं होतं, म्हणून जपून. इ.स.पू. पाचव्या शतकात गॉर्गियास या ग्रीक वक्त्याने हेलनच्या बचावाचं भाषण लिहिलं, त्यात तिच्या जाण्याची चार कारणं मांडली : दैव, बळजोरी, शब्दांची भुरळ, प्रेम. मराठीत चौघांना वेगळी क्रियापदं तयार आहेत. दैवाने ‘नेली’, बळाने ‘पळवली’, बोलण्याने ‘फूस लावून नेली’, प्रेमात ‘निघून गेली’. गॉर्गियासच्या मते चारही बाबतींत ती निर्दोष. पण मराठीत ‘पळून गेली’ लिहिलं की दोष तिच्या पदरात पडलाच. इलियडच्या तिसऱ्या सर्गात ट्रॉयच्या तटावर ती पॅरिसच्या बापाला, राजा प्रियामला, स्वतः सांगते, ‘तुमच्या मुलामागून आले’. तिथे ‘मागून आले’ हेच ठेवावं, त्यात भर घालू नये.

प्रश्न : एस्खिलसने ‘अगामेम्नॉन’मध्ये तिच्या नावावर कोटी केली आहे, ती मराठीत कशी आणायची?

उत्तर : ‘हेलेनाउस, हेलांद्रोस, हेलेप्तोलिस’. ‘हेल’ हे धरणे, नष्ट करणे या अर्थाच्या क्रियापदाचं अंग. म्हणजे नावा बुडवणारी, पुरुष गिळणारी, नगर उद्ध्वस्त करणारी. मराठीत ‘हेल’वर जमतं : नौकांना हेलकावे, माणसांना हेलपाटे. तिसऱ्याला काही सापडत नाही.

उत्तर : जमतं, पण अर्थ सुटतो. हेलकावे खाल्लेली नाव बंदराला लागते, हेलपाटे घातलेला माणूस घरी येतो. एस्खिलसकडे कुणी वाचत नाही. शिवाय तो कोरस (नाटकातलं समूहगान) भेसूर आहे, हेलपाट्याने प्रेक्षक हसेल. मी कोटी सोडून ‘नौकांचा काळ, पुरुषांचा काळ, नगराचा काळ’ असं लिहीन.

उत्तर : सहमत. आता तिच्या रूपाबद्दल. होमर चेहऱ्याचं वर्णन करतच नाही. गोरे बाहू, सुंदर केस, पायघोळ वस्त्र ही ठरीव विशेषणं, बस. तटावरचे म्हातारे तिला पाहून म्हणतात की ही चेहऱ्याने ‘आइनोस’ देवींसारखी आहे. आइनोस म्हणजे भीती वाटावी इतकं. आपल्या बोलीतलं ‘भयंकर सुंदर’ इथे चपखल बसतं. ‘अतिशय’ लिहिलं की धाक गेला. आणि पुढे लगेच तेच म्हातारे म्हणतात, तरी हिला परत जाऊ दे.

यानंतर 22 ओळींनी ती स्वतःला ‘कुनोपिस’ म्हणते : कुत्र्याच्या चेहऱ्याची. म्हाताऱ्यांच्या ओळीत चेहऱ्यासाठी जो शब्द आहे, तोच इथे समासात शिरलाय.

प्रश्न : मग ‘कुत्री’ लिहावं का?

उत्तर : नको. मराठीत ती बाईला द्यायची शिवी होते. ग्रीकात रोख निर्लज्जपणावर आहे, आणि तो बायकांपुरता नाही : पहिल्या सर्गात अकिलीस अगामेम्नॉनला याच शब्दाचं पुल्लिंगी रूप ऐकवतो, अठराव्यात हेफायस्टोस हा देव स्वतःच्या आईला, हेरा देवीला, ‘कुनोपिस’ म्हणतो. तिन्हीकडे एकच धातू राहील असा शब्द घ्या. अगामेम्नॉन ‘निलाजरा’ असेल तर हेलन ‘निलाजरी’. कुत्रं हवंच असेल तर तळटिपेत.