बर्डीवर सह्या गोळा करणं: कामाचं की नुसती पायपीट?

कडुलिंब
रविवारी संध्याकाळी ५ ते ९ आम्ही चौघं नागपुरात सीताबर्डीला, म्हणजे आपल्या बर्डीवर, व्हेरायटी चौकात टेबल टाकून उभे होतो. आमच्या वस्तीत रस्ता रुंद करायला २१ झाडं तोडायची नोटीस लागली आहे. त्यातले तीन कडुलिंब माझे आजोबा शाळेत जायचे तेव्हापासूनचे. चार तासांत १८६ सह्या झाल्या. घरी आलो तर मोठा भाऊ म्हणतो, "काहून जीव काढून राहिला बे, त्या कागदात उद्या कोणी चिवडा बांधून देईल." मला नाही तसं वाटत. झाड तोडायची नोटीस निघते आणि त्यावर ७ दिवसांत हरकत घेता येते, हेच कित्येकांना तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं. सह्या बर्डीवरच घ्याव्यात, मेट्रोच्या दोन्ही लाइनींचे लोक तिथेच उतरतात. बोला.

गांधीसागरकर
हिंगण्याहून चपला घ्यायला आलेला माणूस तुमच्या गल्लीतल्या झाडाबद्दल काय सांगणार भाऊ? त्याला ना झाड माहीत, ना रस्ता. पोरीसमोर भाव मारायला सही ठोकतो अन् पुढे जातो.

कडुलिंब
तसेही होते, खोटं कशाला बोलू. एक पोरगा तर तीनदा येऊन गेला. पण एका आजोबांनी चष्मा काढून अख्खं निवेदन वाचलं, "२१ म्हणता, यादी कुठाय?" असं विचारलं, आणि यादी आमच्याकडे नव्हती.

नऊवारी_ते_नेट
माझा विरोध सहीला नाही, चौथ्या रकान्याला आहे. नाव, पत्ता, सही समजलं. मोबाइल नंबर कशाला? दोन वर्षांपूर्वी अशाच एका कागदावर दिला होता. आठवड्याभरात "मॅडम, वर्धा रोडला प्लॉट बघायला गाडी पाठवू का" सुरू झालं, अजून बंद नाही. कागद त्या टेबलावरून कोणाच्या हाती जातो हे सही करणाऱ्याला कुणी सांगतं का? त्यात माझ्या आधीच्या बाराजणांचे नंबर मला बसल्या बसल्या वाचता येत होते.

बर्डीतला_दुकानदार
आमचाही विचार करा की. रविवारी फुटपाथवर आधीच पाय ठेवायला जागा नसते. त्यात तुमचं टेबल, बॅनर, चार जण. बाया पोरांना घेऊन रस्त्यात उतरतात. झाडं वाचवायला निघाले अन् माणसं गाडीखाली घालून राहिले.

जावक_आवक
मी सतरा वर्षं एका कार्यालयात टपाल घेतलं, म्हणून बोलतो. १८६ सह्यांचा गठ्ठा आला की त्यावर एक आवक क्रमांक पडतो. एक. मग तो एका फाइलला लागतो. त्याऐवजी वस्तीतल्या दहा जणांनी आपापल्या शब्दांत दहा पत्रं दिली की दहा क्रमांक पडतात, आणि पुढे कुणी माहिती अधिकारात विचारलं तर दहांचा हिशोब द्यावा लागतो.

दुसरं. तुम्ही म्हणता कडुलिंब आजोबांच्या काळातले. १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, त्यात ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं आहे. निवेदनात झाडांचं वय लिहिलं का? ती एक ओळ तुमच्या १८६ सह्यांना भारी आहे.

तिसरं, नोटीस लागली कधी?

कडुलिंब
वय लिहिलं नव्हतं. "जुनी व डेरेदार" असं लिहिलंय. नोटीस गुरुवारची.

जावक_आवक
आज मंगळवार. मोजा तुम्हीच.

टी_पॉइंटचा_मोर्चेकरी
काका बरोबर आहेत, पण सहीला इतकं हलकं करू नका. हिवाळी अधिवेशनात मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर अडवतात, शिष्टमंडळातले चार-पाच जणच आत जातात. त्यांच्या हातात काय असतं? हाच गठ्ठा. तो नसला तर समोरचा पहिलं हेच विचारतो, "तुम्ही पाच जण, बाकी कोण?" आणि घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानं गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडायचा हक्क दिलाय. वऱ्हाडी वळणाच्या मराठीत लिहा, पण लिहा.

गांधीसागरकर
मोर्चा वेगळा, झाड वेगळं. मोर्च्यात माणूस स्वतः पायी येतो. सही तर उभ्या उभ्या होते.

कडुलिंब
ठीक. मोबाइलचा रकाना काढतो, तो मीच छापला होता, फोन करून कुणाला बोलवायचं असंही काही नव्हतं. आज रात्री वस्तीत घरोघरी जातो, ज्याच्या घरासमोर झाड आहे त्यानं स्वतःचं पत्र लिहायचं, वयासकट. उद्या ११ वाजता महापालिकेच्या उद्यान विभागात. गठ्ठाही सोबत नेतो, त्याचा एक क्रमांक तर एक.

बर्डीवर मात्र पुन्हा जाणारच. ते आजोबा आले तर यादी दाखवायची आहे. दुकानदार भाऊ, टेबल आणत नाही, नुसतं पॅड.

बर्डीतला_दुकानदार
पॅड चालेल. सही मीही करतो, पण दुकान बंद झाल्यावर या.

जावक_आवक
प्रत्येक पत्राच्या दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.