पुरात दुकान गेलं: ऑडिट, रिटर्न आणि कर भरण्याच्या मुदतीचं काय?

(10 नोव्हेंबर 2025 पूर्वीची प्रश्नोत्तरं, मुदती तेव्हाच्या. प्रत्येक उताऱ्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सीनाकाठ (प्रश्न)
माढा तालुक्यात सीनेच्या काठी खत-बियाण्यांचं दुकान. मालक एकटाच, उलाढाल एक कोटीच्या वर आणि रोखीचा व्यवहार बराच, म्हणून 2024-25 चं टॅक्स ऑडिट लागतं. सप्टेंबरच्या पुरात माल, बिलबुकं, कॉम्प्युटर, डिजिटल सहीचं (डीएससी) टोकन, सगळं पाण्याखाली गेलं. मुदत वाढली आहे, पण कर भरायलाही तेवढीच सवलत आहे का? आणि भिजलेल्या मालाचा तोटा याच रिटर्नमध्ये दाखवता येईल का?

हिशेबवही
ऑडिट अहवालाची मूळ तारीख 30 सप्टेंबर. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने (सीबीडीटी) ती आधी 31 ऑक्टोबरला नेली. तेव्हाच्या प्रसिद्धिपत्रकात काही भागांतल्या पुराचं कारणही दिलं होतं. आता अहवालाला 10 नोव्हेंबर आणि रिटर्नला 10 डिसेंबर 2025. ही वाढ सरसकट आहे, पूरग्रस्ताचा दाखला लागत नाही.

मात्र वाढली ती दाखल करण्याची मुदत. प्राप्तिकर कायद्याच्या कलम 234ए चं, म्हणजे रिटर्न उशिरा भरल्याचं, व्याज नव्या तारखेनंतर लागेल, पण आगाऊ कर 90 टक्क्यांपेक्षा कमी भरला असेल तर 234बी चं (आगाऊ कर कमी भरल्याचं) व्याज 1 एप्रिल 2025 पासून दरमहा 1 टक्क्याने चालूच आहे. डिसेंबरची वाट न पाहता जमेल तेवढं चलन आत्ताच भरा.

तोटा या रिटर्नमध्ये अजिबात दाखवू नका. इथेच बहुतेक जण चुकतात. पूर सप्टेंबर 2025 मधला, म्हणजे तोटा 2025-26 चा. 31 मार्चला गोदामात जो माल कोरडा होता तो अखेरच्या शिलकेत धरावाच लागेल. यंदाच्या वर्षाचा कर शून्य निघाला, तर 15 सप्टेंबरचा आगाऊ कराचा हप्ता चुकल्याचं 234सी चं व्याजही लागणार नाही, कारण ते वर्षाच्या अंतिम करावरूनच मोजतात.

डीएससी किंवा आधारला जोडलेलं सिम, यांची सोय लवकर करा. सीएने अहवाल अपलोड केला म्हणजे तो दाखल झाला असं नाही, करदात्याने स्वतःच्या लॉगिनमधून तो स्वीकारावा लागतो. ऑडिट लागणाऱ्या व्यक्तीचं रिटर्न डीएससीने किंवा आधार ओटीपीनेही पडताळता येतं. आधारला जोडलेलं सिम बंद असेल तर आधी ते सुरू करा. डीएससीच वापरायची असेल तर मग नवं टोकन घ्या, आणि ते पोर्टलवर पुन्हा नोंदवा.

क्रेडिट_लेजर
जीएसटीला यातली एकही तारीख लागू नाही. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) प्रमाणे नष्ट झालेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) उलटवावं, म्हणजे परत करावं लागतं, जीएसटीआर-3बी रिटर्नच्या तक्ता 4(बी)(1) मध्ये. खतावर 5 टक्के, रासायनिक कीटकनाशकावर 18, त्यामुळे मालाची यादी दरानुसार करा. विमा असेल तर उलटवलेला कर मालाच्या किमतीत धरूनच दावा लावा आणि सर्व्हेअरला 3बी ची प्रत द्या. दावा आधी कराविना लावला की ती रक्कम मागाहून मिळवणं फार जड जातं. 2024-25 चं राहिलेलं क्रेडिट 30 नोव्हेंबर 2025 पर्यंतच घेता येईल.

सीनाकाठ
वह्याच नाहीत. 10 नोव्हेंबर हुकली तर?

हिशेबवही
271बी चा दंड उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, जे कमी असेल ते. पण 273बी मध्ये वाजवी कारण दाखवलं तर दंड लागत नाही, आणि पूर हे तसं कारण आहे. पुरावा आत्ताच गोळा करा: तलाठ्याचा पंचनामा (त्यात दुकानाचा स्पष्ट उल्लेख हवा, शेताचा पंचनामा इथे कामाचा नाही), सर्व्हेअरचा अहवाल, तारखेसह फोटो. वह्या जीएसटीआर-2बी (खरेदीवरच्या क्रेडिटचं विवरण), ई-वे बिलं (मालवाहतुकीची), 26एएस (तुमच्या नावे जमा कराचा उतारा), बँकेचे उतारे आणि खत कंपन्यांकडची खाती यांवरून पुन्हा उभ्या करता येतात. रोखीची विक्री तेवढी जिकिरीची. मालाच्या आवक-शिलकेवरून ती काढा आणि पद्धत लिहून ठेवा.

मुदतमाफी
10 डिसेंबरही हुकली तर 31 डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. त्याला 234एफ ची विलंब फी 5000 रुपये, उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर 1000. धंद्यातला तोटा मात्र पुढे ओढता येत नाही, घसाऱ्याचा सोडून. त्यासाठी, किंवा रिफंड अडकला तर, 119(2)(बी) चा विलंबमाफीचा अर्ज. ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून 5 वर्षांच्या आत तो करावा लागतो. दाव्याची रक्कम 1 कोटीपर्यंत असेल तर निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त देतात. अर्जात नुसतं 'पुरामुळे' लिहू नका. पाणी कधी शिरलं, वीज कधी आली, वह्या कधी पूर्ण झाल्या, हे तारीखवार मांडा आणि प्रत्येक तारखेला एक कागद जोडा.