अक्कलदाढ काढल्यावर सरसकट दोन गोळ्या कशाला?

उपदाढ
अक्कलदाढ काढली की आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल अशी वेदनाशामकांची जोडगोळी हातात ठेवायची, हे मला पटत नाही. आधी नुसतं पॅरासिटामॉल द्यावं. पोटाला त्रास नाही, रक्त गोठण्यात लुडबुड नाही. प्रौढाला १ ग्रॅम दर ६ तासांनी, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन ५० किलोच्या आत, यकृताचं दुखणं किंवा रोजचं मद्यपान असेल तर आणखी कमी, डॉक्टर सांगतील तेवढंच. नाहीच भागलं तर दुसरी गोळी आहेच की.

रसायनी
असहमत. खालची दाढ हाडात अडकलेली असेल तर हिरडी चिरतात, हाड कोरतात, दाढेचे तुकडे करून काढतात. नंतरचं दुखणं मुख्यतः दाहाचं. जखमेत प्रोस्टाग्लँडिन नावाची दाहकारक द्रव्यं तयार होतात आणि मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. आयबुप्रोफेन ती निर्मितीच रोखतं. पॅरासिटामॉल सुजेला जवळपास हातच लावत नाही. खालच्या अक्कलदाढांवरच्या २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) ४०० मि.ग्रॅ. आयबुप्रोफेन १ ग्रॅम पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरलं, आणि दोन्ही मिळून त्याहून चांगली.

‘नाहीच भागलं तर’ म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो. बधिरपणा काही तासांत उतरतो, गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यामुळे रक्त थांबून गॉजचा बोळा काढला की ओठ सुन्न असतानाच पहिला डोस. आधी पोटात काहीतरी हवं, पण चावायचं नाही: सुन्न गाल दाताखाली आला तरी कळत नाही. थंड आणि नुसतं गिळता येईल असं काहीही चालेल.

उपदाढ
हे खालच्या दाढेचं झालं. वरची दाढ बरेचदा सरळ निघते, हाडाला धक्काही नसतो. तिथेही जोडी? आणि अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, ॲस्पिरिनने उसळणारा दमा, २० आठवड्यांपुढचं गरोदरपण, या सगळ्यांना आयबुप्रोफेन परस्पर देता येत नाही. ही यादी छोटी नाही.

चिमटा
यादी मान्य. पण घोटाळा जास्त होतो तो तयार मिश्रणांत. ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी चालू असते, अंग गरम लागलं म्हणून वेगळं पॅरासिटामॉल, त्यात सर्दीची गोळी. तिन्हीत पॅरासिटामॉल! जास्त झालं तरी पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही, यकृताचा मार दोन-तीन दिवसांनी दिसतो. उलट आयबुप्रोफेनवर डायक्लोफेनॅक म्हणजे एकाच जातीच्या दोन गोळ्या: आराम तेवढाच, पोटाला जाच वाढीव.

वेळापत्रक साधं ठेवा. आलटून पालटून दर ३ तासांनी घेण्यात रात्री हिशेब चुकतो. सकाळी ६, दुपारी २, रात्री १०, दोन्ही एकत्र, दर वेळी आयबुप्रोफेन ४०० मि.ग्रॅ. आणि पॅरासिटामॉल १ ग्रॅम. दिवसभरात मिळून आयबुप्रोफेन १२०० मि.ग्रॅ. (डॉक्टरांना न विचारता एवढंच), पॅरासिटामॉल ३ ग्रॅम. घेतलेली वेळ पाकिटावर पेनाने लिहा.

उपदाढ
८ तासांचं अंतर पहिल्या रात्री पुरत नाही.

चिमटा
मग मधे पॅरासिटामॉलचा चौथा डोस घ्या, आधीच्यापासून किमान ४ तास सोडून. आयबुप्रोफेनचा नको.

रसायनी
एक राहिलं. हृदयासाठी रोज कमी मात्रेचं ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी ते मनाने बंद करू नये. आयबुप्रोफेन आधी पोहोचलं तर ॲस्पिरिनची प्लेटलेटवरची (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या पेशींवरची) जागा अडते. म्हणून साधं ॲस्पिरिन आधी, आणि आयबुप्रोफेन निदान अर्ध्या तासाने. तेही डॉक्टरांना विचारूनच.

उपदाढ
बरं, हाड कोरलं असेल तर जोडी मान्य. वरच्या साध्या दाढेला नाही. पण तिसऱ्या दिवशीही कळ येत असेल तर ट्रामाडॉल (अफूवर्गातलं कडक वेदनाशामक) मागायला येतात, त्याचं काय?

रसायनी
कळ उतरतेय की चढतेय ते आधी विचारा. सूज २-३ दिवसांपर्यंत वाढते, दुखणं मात्र उतरणीला लागायला हवं. कमी झालेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उसळलं, कानापर्यंत गेलं, तोंडाला घाण वास आला, तर गुठळी निघून हाड उघडं पडलंय. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. ट्रामाडॉलने मळमळ आणि गरगर तेवढी मिळेल. खळगा धुऊन औषधाची पट्टी भरली की बहुतेकांना लवकर उतार पडतो, आणि ते काम खुर्चीत बसूनच होतं.