मदत हवी आहे : टोबॅगोत शाकाहारी जेवण

फेब्रुवारीत आई-बाबांसह त्रिनिदादमध्ये ४ आणि टोबॅगोत ३ दिवस राहणार आहोत. दोघेही मासे-अंडी खात नाहीत. त्रिनिदादची काळजी नाही, कारण १८४५ पासून तिथे गेलेल्या भारतीय मजुरांमुळे दालपुरी आणि ‘डबल्स’, म्हणजे हळदीच्या दोन मऊ, तळलेल्या ‘बारा’ पुऱ्यांत भरलेले रसदार छोले, सहज मिळतात. टोबॅगोत मात्र स्टोअर बे किनाऱ्यावरच्या टपऱ्या खेकडा-डंपलिंगसाठी प्रसिद्ध आहेत आणि आपल्या अळूच्या फदफद्याची आठवण करून देणाऱ्या कॅलालूतही अनेकदा खेकडा किंवा खारवलेले मांस असते. हॉटेलला ईमेल केला, तर केवळ सॅलडचे आश्वासन मिळाले. खोलीत स्वयंपाकाची सोय नाही, गाडीही घेणार नाही. क्राउन पॉइंटजवळ चालत जाता येईल अशा कोणत्या ठिकाणी रात्री निव्वळ शाकाहारी रोटी-भाजी किंवा बिनमांसाचे कॅलालू मिळते?