माझ्या डूमच्या मॅपमध्ये सगळे हरवतात, मूळ मॅपमध्ये का नाही?

निळीचावी:
डूम म्हणजे राक्षस मारत वाट काढायचा जुना कॉम्प्युटर गेम. सुट्टीत त्याचे मॅप, म्हणजे खेळायच्या जागा, बनवायचं सॉफ्टवेअर अल्टिमेट डूम बिल्डर उतरवून पहिला मॅप केला. नऊ खोल्या, तीन बोळ, एक लाल चावी. मला वाटलं, भारी झालाय. रूममेटला खेळायला दिला तर चौथ्या मिनिटाला म्हणतो, "अरे, जायचं कुठे?" दुसरा एकाच बोळात तीनदा फिरून आला आणि शेवटी टॅब दाबून नकाशाच बघत बसला. त्याच दोघांना मूळ डूमचा पहिला मॅप, ई वन एम वन, दिला. आधी कधी खेळले नव्हते तरी न अडखळता पार! बाण तिथेही नाहीत, सूचना तिथेही नाहीत. मी भिंतींचे टेक्स्चर, म्हणजे वरची चित्रं, बदलून पाहिले, राक्षस वाढवून पाहिले. काहीच उपयोग नाही. नक्की चुकतंय कुठे?

जुना४८६:
राक्षस वाढवू नकोस, काढून टाक. डूम सुरू करताना कमांडमध्ये नोमॉन्स्टर्स लिहिलं की एकही येत नाही. मग ई वन एम वनमध्ये नुसता फिरून ये. मी ९५ साली सांगलीत काकाच्या ४८६ कॉम्प्युटरवर हेच केलं होतं. अभ्यास वगैरे काही नाही, इम्प नावाच्या राक्षसाची भीती वाटायची म्हणून!

सुरुवातीलाच खिडकीतून बाहेरचं अंगण दिसतं आणि त्यात निळं चिलखत पडलेलं असतं. तिथे जायला दार नाही. आपण चरफडत पुढे जातो, हिरव्या विषारी पाण्यावरची ती नागमोडी वाट ओलांडतो, पण ते चिलखत डोक्यात राहतंच. पुढे कधीतरी गुप्त वाट सापडते आणि आपण त्याच अंगणात! हा मॅप करणाऱ्या जॉन रोमेरोचा नियमच होता: बाहेरचं जे दिसतं, तिथे जाता आलं पाहिजे. दुसरा नियम, जमिनीचा टेक्स्चर बदलला की उंचीही बदलायची. तिसरा, उजेड-अंधाराचा फरक ठेवायचा. आणि हा पहिला मॅप त्याने आधी नाही, त्या भागातले बाकीचे करून हात बसल्यावर केला.

पैज लावतो, तुझ्या नऊही खोल्यांची जमीन एकाच उंचीवर, शून्यावर आहे आणि उजेड सगळीकडे सारखा. म्हणजे तू डूममध्ये बसून वुल्फेनस्टाइन केलास. १९९२ च्या त्या खेळात मॅप म्हणजे ६४ गुणिले ६४ चौकोनांची जाळी, छत एकाच उंचीचं, कोपरे काटकोनी. लोक तिथेही असेच हरवायचे.

एक आकडा लिहून ठेव: २४. डूमचा गडी २४ युनिटपर्यंतची (युनिट म्हणजे खेळातलं उंचीचं माप) पायरी चढतो, त्याहून उंच नाही. म्हणजे १६ ची पायरी ही वाट झाली आणि ३२ चा कट्टा म्हणजे खाली उडी मारता येईल, परत येता येणार नाही. मला हे कळलं त्या दिवशी खरा डूम कळला. पुढे मी घरांचे नकाशे काढायला लागलो, अजूनही तेच करतो. पाहुण्याला बैठक कुठे ते सांगावं लागत नाही, दोन पायऱ्या आणि खिडकीचा उजेड त्याला घेऊन जातात.

मिडात_आहे:
काका म्हणतात ते बरोबर, पण मला हे डस्ट टू या मॅपने शिकवलं. आमच्या कॅफेत काउंटर स्ट्राइक या गोळीबाराच्या गेमचा तो एकच मॅप चालायचा, दुसरा लावला की पोरं ओरडायची. डेव्ह जॉन्स्टनने २००१ मध्ये केलेला. त्यातल्या जागांना नावं होती: लाँग, मिड म्हणजे मधला भाग, बी टनेल... नवा पोरगा आला की तासाभरात "मिडात आहे, मिडात!" म्हणून बोंबलायला लागायचा. तुझ्या रूममेटला विचार, तुझ्या नऊ खोल्यांपैकी किती खोल्यांना तो नाव देऊ शकेल? "ती दुसरी तपकिरी खोली" हे नाव नाही.

निळीचावी:
विचारलं. एकच नाव मिळालं, "जिथे मी अडकलो ती". आणि काका, पैज जिंकलात. सगळ्या खोल्या शून्यावर, उजेड सगळीकडे १९२, बिल्डर देतो तोच.

आज मधली खोली १२८ ने खाली घेतली, छताला भोक पाडून वरून आकाश दाखवलं. लाल दार आता सुरुवातीच्या खोलीतून समोर दिसतं, मध्ये ३२ चा कट्टा. आणखी एक गोष्ट. चावी घेऊन परत येणारा माणूस त्याच उघड्या खोलीतून जातो, पण या वेळी वरच्या गॅलरीतून. रूममेट तिथे थांबून खाली बघत म्हणाला, "अरे, इथूनच आलो होतो ना?"

जुना४८६:
झालं की मग. आता राक्षस टाक. पहिला त्या गॅलरीच्या बरोबर समोर.