एव्हा गार्डनर: प्रेम घालवलं म्हणे!

रानवारा: 'एव्हा गार्डनरने प्रसिद्धीपायी प्रेम घालवलं आणि लंडनमध्ये एकटी गेली,' असं काल कुणीतरी ठोकून दिलंय. अहो, ही हॉलिवूडची नटी मुळात नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रॅबटाउनची, तंबाखू पिकवणाऱ्याची सातवी पोर. मेव्हण्याने काढलेला फोटो न्यूयॉर्कच्या त्याच्या दुकानाच्या काचेत लागला काय, आणि १९४१ साली एमजीएम स्टुडिओचा सात वर्षांचा करार हातात पडला काय! १९४२ मध्ये नट मिकी रूनीशी लग्न झालं, तर मधुचंद्राला स्टुडिओचा प्रसिद्धीवाला बरोबर. आता सांगा, घालवलं कुणी?

जुनं खोड: सही कुणी केली? तीन लग्नं मोडली, तिन्ही वेळा स्टुडिओच दोषी?

खानदेशी: तिची स्क्रीन टेस्ट आवाजाशिवाय पाठवली होती, माहितीये? बोली कुणाला कळेना म्हणून. मग शिकवणी लावून उच्चार घासूनपुसून काढले. मी पुण्यात शिकायला आलो, तोंडी परीक्षेत 'पानी' म्हणालो. बाईंनी तीनदा 'पाणी' म्हणायला लावलं, वर्ग खिदळत होता. पुढे वर्षभर मेसमध्ये पाणी मागितलं नाही, ग्लास घेऊन स्वतः उठायचो.

जुनं खोड: शुद्ध बोलायला शिकवलं यात बिघडलं काय? उपकार माना बाईंचे.

खानदेशी: उपकार? आईशी फोनवर बोलताना दार लावून घ्यायचो मी, कुणाच्या कानावर आमची बोली पडू नये म्हणून. आणि शुद्ध म्हणजे तुमच्या पेठेतलं, असंच ना?

जुनं खोड: पेठ काढू नका. मी मिरजेचा आहे.

सरोजताई: भांडा खुशाल, पण तिसऱ्या नवऱ्याचं, गायक फ्रँक सिनात्राचं कुणी बोलणार आहे का? १९५१ मध्ये लग्न झालं तेव्हा त्याचे दिवस फिरलेले. हिने कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख हॅरी कोन याच्या बायकोकडे शब्द टाकला, त्याला भूमिका मिळाली, १९५४ ला ऑस्कर. त्याला विचारलं कुणी, बाबा रे, प्रेम की कीर्ती? माझ्या नणंदेने लग्नासाठी नाटक सोडलं. दिवाळीच्या साफसफाईत रंगाचा डबा काढते, पुसते, परत माळ्यावर. तिने काय घालवलं ते नाही विचारत कुणी.

जुनं खोड: बरं बाई, सिनात्राचं मान्य. तेवढंच. पण शेवटी पुरलं तिला स्मिथफील्डलाच, आईवडिलांशेजारी.

खानदेशी: तिथे तिची बोली कळत असेल सगळ्यांना. घ्या, पानी प्या.